घाटावर लोटा नव्हता

आधीच सांगतो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या आजोबांच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या बाबतीत घडलं. त्यांचं नाव टेकनाथ झा. मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते आजोबांना सांगितलं आणि आजोबांनी मला.

रात्रीची गोष्ट असेल असं वाटत असेल, तर तसं नाही. भर दुपारी घडली. अगहन म्हणजे मार्गशीर्ष महिना होता, लख्ख ऊन होतं आणि समोर चाळीस-पन्नास पंडित बसले होते.

बिहारात मोठा भूकंप झाला त्याच्या तीन वर्षं आधीचं साल. कमला नदीच्या काठी आमचं कनकपट्टी गाव. तिथं गुणपती मिश्रांची चौपाडी होती. वर गवताचं छप्पर, सहा लाकडी खांब आणि बाजूंनी सगळं उघडं. तिथं न्याय शिकवला जाई. माणसाला एखादी गोष्ट कळते ती नेमकी कशी कळते, डोळ्यांवर भरवसा कुठपर्यंत ठेवायचा, याचं शास्त्र. आमच्या मिथिलेत माणसं भुताला घाबरतात ती नंतर. आधी त्यावर वाद घालतात.

गंमत अशी की डोळ्यांचं शास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींनाच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना हाताला धरून न्यायचं, ताडपत्राची पोथी वाचून दाखवायची, दात नसल्यामुळे पान कुटून द्यायचं, हे सगळं टेकनाथ करायचा. एक-दोन नाही, नऊ वर्षं. गुरुजी कौतुकानं म्हणायचे, "टेक म्हणजे माझा डोळा."

गुरुजींच्या सर्वांत जवळचा तो तिसरा खांब. त्याला टेकून बसायचा मान पहिल्या शिष्याचा. नऊ वर्षं तिथं टेकनाथच बसला.

मग मोदानंद ठाकूर आला.

वयानं चार वर्षांनी लहान. सडपातळ, हसरा, डोक्याला सदा मोहरीचं तेल चोपडलेलं. आल्यावर आठ दिवसांत त्यानं गुरुजींना तोंडावर सांगितलं, "गुरुजी, प्रत्यक्ष प्रमाण शिकवता आणि डोळ्यांवर पडदा घेऊन बसता, हे काही बरं नाही."

टेकनाथला वाटलं, आता याची हकालपट्टी होणार. गुरुजी पोट धरून हसले.

नऊ वर्षांत टेकनाथला गुरुजींना एकदाही हसवता आलं नव्हतं.

त्यानंतर एकेक गोष्ट हातातून जात राहिली. आधी पान कुटायचं काम गेलं. मग पोथी वाचायचं. मग एक दिवस गुरुजी सहज म्हणाले, "मोद, तू इकडे खांबाशी बस. टेक काय, कुठंही बसेल." जेवणात गुरुमाय रोहूचं डोकं मोदच्या पानात घालू लागल्या. आमच्याकडे माशाचं डोकं कुणाच्या पानात पडतं यावरून त्या घरातली किंमत कळते. टेकनाथच्या पानात मधला तुकडा यायचा. तो मुकाट्यानं खायचा, पण घास घशाखाली उतरायचा नाही.

बरोबरचा फेकन मुद्दाम डिवचायचा. "टेकभाई, काटा लागला की काय?"

तो जळत होता. सरळच सांगतो, जळत होता. मोद वाईट असता तर त्याला सोपं गेलं असतं. पण मोद त्याला 'टेकभाई' म्हणून हाक मारायचा, त्याच्या शंका गुरुजींसमोर स्वतःच्या म्हणून मांडायचा, म्हणजे टेकनाथला कमीपणा येऊ नये. हे तर टेकनाथला अजिबात सहन होत नसे.

भादोच्या एका सकाळी गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अगहनात पंडितांची सभा भरेल. त्यात शलाकेची परीक्षा होईल. म्हणजे पोथीच्या गठ्ठ्यात सुई खुपसायची, तिचं टोक ज्या पानावर थांबेल ते पान पाठ म्हणून उलगडून दाखवायचं. त्या परीक्षेला मोदानंद बसेल. आणि त्यानंतर गुरुजींची स्वतःच्या हातची पोथी आणि ही चौपाडी मोदानंदची.

त्या दिवशीचा पाठही टेकनाथला शेवटपर्यंत आठवत होता. गुरुजी जमिनीवर हात फिरवत म्हणाले होते, "इथं लोटा नाही, हे डोळ्यांनाच दिसतं. कारण असता तर दिसला असता. पण इथं पिशाच नाही, असं डोळ्यांच्या भरवशावर म्हणता येईल का? नाही येणार. पिशाच असलं तरी दिसत नाही. फार तर एवढं म्हणता येईल, की हा खांब म्हणजे पिशाच नव्हे. कारण खांब दिसतो."

मग त्यांनी हात लांब करून तिसरा खांब चाचपला. हात मोदच्या डोक्यावर पडला. तो त्यांनी तिथंच ठेवला.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर मोद लोटा घेऊन नदीवर गेला. टेकनाथही स्नानालाच निघाला होता, जरा मागून. नदी फुगलेली होती. बांबूच्या बेटापाशी आल्यावर त्याला मोद दिसला. त्यानं लोटा काठावर ठेवला आणि एक पाऊल पुढं टाकलं.

काठ खालून पोखरलेला होता.

फारसा आवाजही झाला नाही. मातीचा मोठा ढेकूळ खाली बसला आणि त्याबरोबर मोद गेला. टेकनाथ धावला. खरंच धावला, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. खाली पाकडीच्या झाडाची एक मुळी पाण्यात लोंबत होती. मोदनं ती दोन्ही हातांनी धरली होती. पाणी गळ्याशी आलेलं. त्यानं वर पाहिलं.

"टेकभाई, धोतर सोड खाली."

बस. एवढंच म्हणाला. घाबरलाही नव्हता. टेकभाई आलाय म्हणजे आता वर निघणारच, याची त्याला खात्री होती.

टेकनाथनं कमरेला हात घातला. गाठ सोडायला घेतली. आणि त्याला तो हात आठवला, मोदच्या डोक्यावर ठेवलेला.

गाठ त्यानं परत बांधली.

काठावर लोटा तसाच होता. तो दिसला असता तर सगळं गाव घाटाकडे धावलं असतं. टेकनाथनं त्याला लाथ मारली. कडेला चेपून लोटा पाण्यात गेला. मग तो क्षणभर थांबला आणि त्यानं काठाकडे नीट निरखून पाहिलं. रिकामी जमीन. अगदी पाठातल्यासारखी.

चौपाडीत परतल्यावर गुरुजींनी विचारलं, "मोद दिसला का रे?"

"घाटावर जाऊन आलो, गुरुजी. घाटावर मोद नाही. त्याचा लोटाही नाही."

"उजेड होता नीट?"

"होता."

"असता तर दिसला असता?"

"दिसला असता."

"मग नाही तो तिथं," गुरुजी म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता. मोद घाटावर नव्हताच, पाण्यात होता. माणसाला मारायला खोटंही बोलावं लागलं नाही, असं हे शिक्षण.

टेकनाथनं घाट पाहिलाय म्हटल्यावर घाटाकडे कुणीच फिरकलं नाही. माणसं आमराईत शोधायला गेली, हाटाच्या रस्त्याला गेली, त्याच्या बहिणीच्या गावी गेली. नदीवर गेली ती अंधार पडायच्या बेतात. तिथं काहीच नव्हतं. प्रेत कधीच मिळालं नाही. काही दिवसांनी गावात बोलणं सुरू झालं की पोरगा काशीला पळाला असेल, तिथले मोठे पंडित बघून भुलला असेल. टेकनाथही तेच म्हणायचा.

तिसरा खांब रिकामा झाला. टेकनाथ पुन्हा तिथं बसायला गेला.

बसला... आणि उठला.

जमीन ओली होती.

गुरुमाय रोज सकाळी शेणानं सारवत. बाकी जमीन खडखडीत वाळलेली. खांबापाशी मात्र एक ओला गोल. वीतभर रुंद. पाण्यानं भरलेला लोटा ठेवून उचलला की जमिनीवर उमटतो, तसा.

लोटा कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तो गोल होता. तिसऱ्या दिवशीही. भादो संपला, आसिन लागला, पाऊस गेला, तरी तो वाळला नाही. गुरुमाय वैतागून म्हणाल्या, "कोण मेला रोज इथं पाणी आणून ठेवतो?"



मग एका सकाळी गुरुजींनी नेहमीसारखी हजेरी घेतली. सगळे आलेत का म्हणून विचारलं. फेकननं सांगितलं की चौघेही हजर आहेत.

"चौघे?" गुरुजी म्हणाले. "पाच म्हण. मोदला मोजला नाहीस."

सगळ्यांनी टेकनाथकडे पाहिलं. शेवटी टेकनाथ बोलला. "मोद नाही, गुरुजी."

"कशावरून?"

"दिसत नाही."

"असता तर दिसला असता?"

आता टेकनाथ कात्रीत सापडला. हो म्हणायचं, तर मोद जिवंत आहे असं धरून चालायचं, आणि त्याला तर ठाऊक होतं की तो जिवंत नाही. नाही म्हणायचं, तर मोद दिसण्यासारखा उरलेला नाही हे तुला कसं कळलं, असा पुढचा प्रश्न येणार. घाटावरचं तेच वाक्य आता त्याच्या गळ्यात अडकलं होतं.

"दिसला असता," तो कसाबसा म्हणाला.

गुरुजी हसले. त्याच्याकडे नाही. खांबाकडे.

त्या दिवसापासून गुरुजी खांबाला शिकवू लागले.

शंका खांबाला विचारायचे. मान कलती करून ऐकायचे. मग म्हणायचे, "वा, मोद." बाकीच्यांना काहीच ऐकू यायचं नाही. पण मधूनमधून वास यायचा... मोहरीच्या तेलाचा. आणि त्यात मिसळलेला नदीच्या गाळाचा.

फेकन म्हणाला, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण भ्रमिष्ट माणसाचं शिकवणं असं धारदार नसतं. एकदा एका ओळीवर टेकनाथ दोन दिवस अडला होता. गुरुजींनी तिसऱ्या दिवशी तिचा अर्थ इतका सुंदर लावला की सगळे आ वासून बघत राहिले. "माझं नाही हे," गुरुजी म्हणाले. "मोदनं सुचवलं."

आता तुम्हाला वाटेल की टेकनाथला त्या वेळी भीती वाटली असेल. वाटली. पण आजोबा शपथेवर सांगायचे, भीतीपेक्षा जास्त त्याला तेच जुनं वाटलं. मेला तरी हाच पुढं. बुडाला तरी हाच पहिला. रात्री अंथरुणावर तो गुरुजींच्या 'वा, मोद'मधला 'वा' मनात घोळवत पडून राही. त्याच्या वाट्याला तो कधी आला नव्हता.

फेकननं एकदा थट्टेत विचारलं, "काय टेकभाई, आता खांबाशी चुरस?"

टेकनाथनं त्याच्या मुस्कटात मारली. चौपाडीत आजवर कुणी कुणावर हात उचलला नव्हता.

अगहन आला. सभा ठरलेलीच होती. मोद नाही म्हटल्यावर परीक्षेला टेकनाथच बसणार, हे उघड होतं. गुरुजींनी हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाले, "बस. मोदचं काही म्हणणं नाही."

सभेचा दिवस. माथ्यावर ऊन. आसपासच्या गावांचे पंडित डोक्याला पाग बांधून, पान चघळत दाटीवाटीनं बसले होते. पलीकडच्या तीरावरून आलेल्या एका वृद्ध पंडितांनी सुई हातात घेतली आणि पोथीच्या गठ्ठ्यात खुपसली.

पान निघालं. अभावाचं, म्हणजे 'नाही' हे कसं कळतं त्याचं. लोटा आणि पिशाचाचं.

टेकनाथ थोडा चरकला. पण वृद्ध पंडित म्हणाले, हे फारच सोपं आहे, मुलालाही येईल. त्यांनी सुई काढून दुसरीकडे खुपसली.

तेच पान.

तिसऱ्यांदा त्यांनी अगदी तळाशी खुपसली.

तेच...

पान दमट होतं. सुईला चिकटून येत असेल, असं कुणीतरी म्हणालं. असेलही. मी काही त्यावर पैज लावणार नाही.

"राहू दे," पंडित म्हणाले. "पाठ म्हणायची गरज नाही. हा समोर खांबच आहे. याच्याकडे बघून सांग. हा खांब पिशाच नव्हे, हे तुला कशानं कळतं?"

नऊ वर्षांत हजारदा म्हटलेलं वाक्य. हा खांब पिशाच नव्हे, हे प्रत्यक्ष दिसतं. एवढंच म्हणायचं होतं. पोथी समोर होती. चौपाडी समोर होती. गुरुजी समोर होते.

टेकनाथनं खांबाकडे पाहिलं.

खांब खांबासारखाच होता. कोरडं लाकूड, वर ऊन. त्याला जरा धीर आला. त्यानं तोंड उघडलं आणि नजर सहज खाली गेली...

खाली लोटा होता.

पितळेचा. काठोकाठ भरलेला. कडेला चेपलेला, लाथेनं चेपतो तसा.

त्यानं डोळे मिटून उघडले. लोटा होता. शेजारच्या पंडिताचा पाय त्याच्यातून आरपार गेल्यासारखा पसरलेला होता आणि पंडिताला त्याचं काहीच नव्हतं. म्हणजे हा लोटा एकट्या त्यालाच दिसत होता.

"बोल," वृद्ध पंडित म्हणाले.

टेकनाथ बोलला नाही.

"अरे, काय दिसतं तिथं? तेवढं सांग."

सभेत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे शास्त्रार्थात गप्प राहणं म्हणजे हरणं. टेकनाथ लोट्याकडेच बघत होता. 

तेव्हा गुरुजींनी हात वर केला. सभा गप्प झाली. त्यांनी आपले पांढरे डोळे टेकनाथवरून काढून घेतले आणि खांबाकडे वळवले. आवाज अगदी मऊ होता.

"मोद, तूच सांग रे."

आणि मान कलती करून ऐकू लागले.

बराच वेळ ऐकलं. चाळीस-पन्नास माणसं, पण कुणी पानसुद्धा चघळेना. मोहरीच्या तेलाचा वास आला. तो या खेपेला सगळ्यांना आला, हे फेकननं म्हातारपणी मला स्वतः सांगितलंय.

"हं," गुरुजी म्हणाले. "बरोबर आहे. घाटावर नव्हतास. टेक खरं बोलला."

ते पुन्हा ऐकू लागले.

"पाण्यात होतास."

टेकनाथ खाली बसला. 

गुरुजींनी हात पुढं केला. हवेत, खांबापासून वीतभर अलीकडे, एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा ठेवला.

"किती वेळ धरून होतास मुळी?"

मग ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"दोन घटका?" ते म्हणाले. "दोन घटका धरून होतास, बाळ?"

सभा तिथंच उठली.  टेकनाथला कुणी शिक्षा दिली नाही, पोलीस आले नाहीत, कारण सांगायचं काय आणि कुणाच्या साक्षीवर? एका आंधळ्यानं खांबाकडून ऐकलं म्हणून? गुरुजी त्यानंतर पुन्हा शिकवायला बसले नाहीत. फागुनात वारले. पोथी त्यांनी आधीच कमलेत सोडायला लावली होती. ती सोडायला त्यांनी फेकनला नेलं.

टेकनाथ आणखी चव्वेचाळीस वर्षं जगले. लग्न केलं नाही. आमच्याच घरी राहायचे. मी त्यांना पाहिलंय. एक विचित्र सवय होती त्यांना. घरात मीठ आहे का, बाहेर कुणी आलंय का, काहीही विचारलं तरी ते कधी 'नाही' म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "मला दिसत नाही."

आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. आता करत नाही.

भूकंपात चौपाडी पडली. सहांपैकी पाच खांब मोडले. तिसरा उभाच राहिला. तो आजही आहे. गोठ्याच्या छपराला आधार म्हणून आमच्याच लोकांनी तो वापरला. मी भर उन्हात जाऊन त्याच्याकडे कित्येकदा पाहिलंय. खाली लोटा नाही. हे मी डोळ्यांनी पाहून सांगतो. जमीन कधी कोरडी असते, कधी नसते. गोठाच तो, ओल असायचीच, असं मी स्वतःला समजावतो.

पण मला त्रास होतो तो त्या खांबाचा नाही. आजोबांनी सांगितलेल्या शेवटच्या गोष्टीचा होतो.

मरायच्या आदल्या दिवशी टेकनाथनी त्यांना सगळं सांगितलं. मुळी, धोतराची गाठ, लोटा, सगळं. आजोबांना वाटलं, आता हा रडेल. मोदचं नाव घेऊन माफी मागेल. त्यांनी भावाचा हात हातात घेतला.

टेकनाथ छताकडे बघत होते. चव्वेचाळीस वर्षं उलटली होती आणि त्यांचे डोळे रागानं भरून आले होते.

"मी समोर होतो रे," ते म्हणाले. "मी समोर होतो, आणि गुरुजींनी त्यालाच विचारलं."

मग त्यांनी खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं. कुणीतरी तिथं येऊन बसावं तसं, पाय आखडून घेतले.

आजोबांनी विचारलं, "दादा, तिथं कुणी आहे का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. नेहमीचं 'मला दिसत नाही'सुद्धा म्हणाले नाहीत.